लंगडतंय, पण चालतंय की

पंख्याच्या पात्यावर धूळ बसते, तसे दवाखान्यात किस्से बसतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एक दिवस सहज वर बघावं, तर हा एवढा थर.

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्याकडं इंजेक्शन नाही, सलाईन नाही. शेक घेताना माणूस बराच वेळ पालथा पडून राहतो आणि पालथ्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नसतं. त्यामुळं मला गुडघे जेवढे कळतात, त्याच्या दुप्पट घरं कळतात. दवाखाना शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. गुडघेदुखीच्या माणसांना जिना चढायला लावायची अक्कल कुणाची, असं रोज एक तरी पेशंट धापा टाकत विचारतो. तळमजल्यावर बेकरी आहे आणि ती माझ्या जन्माआधीपासून आहे, एवढंच उत्तर माझ्याकडं आहे.

आमच्या किश्श्यांतले निम्मे एकाच क्रियापदाचे आहेत. लंगडणे. शब्दकोशात ते माणसांचं आणि जनावरांचं असेल, कोल्हापुरात काहीही लंगडतं. गाडी लंगडते, धंदा लंगडतो, पोराचं गणित लंगडतं, आघाडीचं सरकार तर शपथविधीपासूनच लंगडतं. माझे एक मामा मीठ कमी पडलेल्या रश्श्यालासुद्धा "जरा लंगडतोय" म्हणतात. म्हणून आता कुणी आत येऊन "लंगडतंय" म्हणालं, की मी आधी विचारते, "कोण?"

हा प्रश्न मला एका आप्पांनी शिकवला.

* * *

दवाखाना तेव्हा नवा होता. मलकापूरकडचे हे आप्पा, साठीच्या पुढचे, सडसडीत. जिना न थांबता चढून आले होते. खरं तर मला तिथंच शंका यायला हवी होती. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लंगडतंय."

मी त्यांना चालून दाखवायला सांगितलं. चालले. टाचांवर चालायला सांगितलं, चवड्यांवर चालायला सांगितलं. तेही चालले. मग टेबलावर झोपवून खुबे बघितले, गुडघे वाकवले, कंबर पिळून बघितली. कुठं काही सापडेना. कॉलेजात शिकलेलं सगळं करून झालं आणि मला घाम फुटायला लागला. पहिल्या वर्षातला डॉक्टर पेशंटसमोर "मला काही सापडत नाही" असं म्हणत नाही, तो आणखी प्रश्न विचारतो.

मी विचारलं, जास्त कधी होतं? ते म्हणाले, सकाळी, गोठ्यातनं बाहेर पडताना. मला वाटलं, धार काढायला उकिडवं बसत असणार. दुखतं का? ते म्हणाले, दुखत असावं, पण सांगणार कसं? हा मला स्वाभिमानी शेतकऱ्याचा अबोलपणा वाटला. शेवटी विचारलं, कुठला पाय?

आप्पा शांतपणे म्हणाले, "मागचा डावा."

त्यांची म्हैस लंगडत होती. शेजाऱ्याचा गुडघा माझ्याकडं बरा झालेला त्यांनी बघितला होता आणि तेच व्यायाम म्हशीला चालतील का, हे विचारायला ते एवढ्या लांबून आले होते. मी त्यांना म्हटलं, अहो, मग मला तुम्हाला एवढं तपासू का दिलंत? तर म्हणाले, "तुम्ही चाला म्हणलासा, मी चाललो. डॉक्टरला न्हाय कसं म्हणायचं?"

ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन लावून दिला. खुरात खिळा निघाला, म्हैस चालायला लागली. काही दिवसांनी आप्पा केळीच्या पानात लोण्याचा गोळा घेऊन परत आले. म्हैस झकास आहे म्हणाले. मग जरा पुढं वाकून हळूच म्हणाले, "पण त्या दिवशी तुम्ही माझं जे काय पिळलासा न्हवं, त्यानं कंबर लई मोकळी झालीया. तेवढं आणि एकदा करा की."

* * *

आमच्या काउंटरवर शोभावहिनी असतात. त्या माझ्या वहिनी नव्हेत. त्या सगळ्यांच्याच वहिनी. फोन घेणं, वेळा देणं, रुसलेल्यांना समजावणं आणि समजलेल्यांना दटावणं हे सगळं त्यांच्याकडं.

व्यायामाला दांडी मारणाऱ्यांची एक ठरलेली सबब असते. एका गृहस्थांचा सकाळी फोन आला की आज काही जमत नाही, गाडी फार लंगडते आहे, सारखी बंद पडते आहे. राहायला दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी लंगडत असंल तर चालत या. त्यासाठीच बोलावलंय."

* * *

पण वहिनींचं स्वतःचंही एक लंगडत होतं. इंग्रजी.

लहानपणी त्या दहावीला इंग्रजीत नापास झाल्या, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि विषय तिथंच मिटला. इतकी वर्षं त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. मग मुलगी बारावीला गेली आणि एकदा अभ्यास करता करता सहज म्हणाली, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं." पोरीच्या मनात काही नव्हतं. पण वहिनी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या त्या दहावीचं पुस्तक पिशवीत घालूनच. मला म्हणाल्या, "मॅडम, मी परीक्षेला बसतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'बसतो', 'गेलो' असंच म्हणतात आणि वहिनींनी बसतो म्हटलं की बसल्याच.

धडे पाठ होत होते. अडत होतं ते निबंधाशी. मोठ्यानं म्हणून दाखवायला आणि चुका काढायला कुणी तरी हवं होतं. घरी मुलगी हसेल म्हणून तिच्यासमोर नको. त्याच सुमारास एक निवृत्त प्राध्यापक मानेच्या दुखण्यासाठी आमच्याकडं यायला लागले. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेले, स्वभावानं तिरसट. मानेला ओढ देतात तेव्हा हनुवटीखालून पट्टा बांधतात आणि माणसाला खुर्चीत ताठ बसवून ठेवतात. मी आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडं होते. बाहेर येऊन बघते तर सर पट्ट्यात अडकलेले आणि वहिनी समोर स्टूल घेऊन 'माय एम इन लाइफ' म्हणून दाखवतायत.

मी वहिनींना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, त्यांची परवानगी तरी घेतलीत का? त्या म्हणाल्या, "इचारलं की. न्हाय म्हणले न्हाईत."

तोंड बांधलेलं आणि मान हलवता येत नव्हती. सर नाही म्हणणार कसे?

पहिल्या दिवशी सरांचे डोळे संतापानं लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी चूक झाली की ते एक बोट वर करायला लागले. पुढं पुढं बोट वर गेलं की वहिनी थांबायच्या, वाक्य परत म्हणायच्या, बोट खाली आलं की पुढं जायच्या. मान बरी झाली, पट्टा सुटला, तरी सर परीक्षेपर्यंत येत राहिले. पट्टा नसतानाही एक शब्द बोलायचे नाहीत. बोट तेवढं.

वहिनी पास झाल्या. इंग्रजीत अगदी काठावर. मुलीनं आख्ख्या दवाखान्यात पेढे वाटले. खांदा शेकत बसलेल्या एका पेशंटनं पेढा खाता खाता चेष्टा केली, की वहिनी, इंग्रजी लंगडतच गेलं म्हणायचं. वहिनींनी त्याच्या हातातला उरलेला अर्धा पेढा काढून घेतला आणि म्हणाल्या, "लंगडत का हुईना, पलीकडं गेलो न्हवं?"

* * *

आता एक पोरगी. गगनबावड्याकडची. नाव ऋतुजा. लंगडीच्या संघातली.

लंगडी म्हणजे आपण अंगणात खेळायचो ती लंगडीच. पण आता तिचे रीतसर सामने होतात, मैदान आखलेलं असतं, पंच असतात. ऋतुजा शाळेच्या संघाचा आधारस्तंभ. तिला तिचे खेळाचे सर घेऊन आले. घोटा मुरगळलेला, टम्म सुजलेला. सामने तोंडावर. मी बघितलं आणि सांगितलं की खेळायचं नाव काढायचं नाही.

पोरगी रडली नाही. तिनं मला वकिलासारखं विचारलं, की मॅडम, सुजलाय तो पाय कुठला? मी म्हटलं, डावा. ती म्हणाली, "मग काय. मी उजव्यावर घालतो लंगडी. पळायला दुसऱ्या पोरी हाईत. ह्यो पाय खेळातच न्हाय."

लंगडणं हाच जिचा खेळ, तिला लंगडू नको म्हणून कसं सांगणार? मी म्हटलं, अगं, पण खेळता खेळता चुकून टेकला तर?

"टेकला तर आऊटच हाय की."

सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं. मी घोट्याला पट्टी बांधायला शिकवली, काय करायचं, काय नाही ते दोघांना बजावलं आणि सांगितलं की जरा जरी दुखलं तरी बाहेर बसायचं. तिनं सगळ्याला मान हलवली. एवढ्या पटकन हललेल्या मानेवर कुणी विश्वास ठेवू नये, हे मला अनुभवानं माहीत आहे.

सामने झाले. संध्याकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, शेवटपर्यंत पोरीनं पाय टेकला नाही. समोरच्या संघातल्या एकेकीला पळवून पळवून बाद केलं. आमच्या शाळेनं पहिल्यांदाच ढाल जिंकली. मी म्हटलं, पाय कसा आहे? सर म्हणाले, "निकाल लागल्यावर टेकला."

जिंकल्याच्या आनंदात ऋतुजानं दोन्ही पायांवर उडी मारली होती.

दुसऱ्या दिवशी ती कठडा धरून जिना चढत आली. घोटा आधीपेक्षा जास्त सुजलेला, आता खरीखुरी लंगडत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं सरांचा मोबाईल माझ्यापुढं धरला. "मॅडम, वरडा, पण आदी फोटू बघा."

फोटोत सगळ्या पोरी ढालीभोवती दोन पायांवर उभ्या होत्या. ही मधोमध, एकावर.

* * *

आमच्याकडं येणाऱ्यांत एक वकीलसाहेब आहेत. लहानपणी पोलिओ झालेला. एक पाय बारीक, त्यामुळं चालताना अंगाला एक हेलकावा बसतो. पहिल्यांदा आले तेव्हा खांदा दुखत होता. मी सवयीनं पायापासून सुरुवात केली. विचारलं, लंगडणं किती वर्षांचं?

ते म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय मुरगळला की तुम्ही लंगडता आणि बरा झाला की थांबता. मी लंगडत नाही. माझं चालणंच असं आहे. तुम्ही खांदा बघा."

मी गुपचूप खांदा बघितला.

पुढचा किस्सा त्यांनी मला कधी सांगितला नाही. ज्यांची फजिती झाली, त्या दुसऱ्या वकिलांनीच सांगितला. त्यांची कंबर धरली होती, पालथे पडून शेक घेत होते आणि मघाशी म्हटलं तसं, पालथा माणूस बोलतो.

कोर्टात बांधाच्या भांडणाचा दावा चालू होता. एका बाजूला आमचे वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला हे. वकीलसाहेबांनी मुद्दे असे काही मांडले की ह्यांचा अशील खाली बसून घामाघूम. ह्यांचाही तोल सुटला. उठले आणि तावातावानं म्हणाले, "साहेब, समोरच्या वकिलांचा युक्तिवाद पूर्णपणे लंगडा आहे."

शब्द तोंडातून गेला आणि टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मागच्या बाकावरचे गावकरी एकमेकांकडं बघायला लागले. हे मला सांगताना म्हणाले, की त्या क्षणी भुईनं पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. माफी मागावी तर आणखी लक्ष जाणार, न मागावी तर राक्षस ठरणार.

वकीलसाहेब नेहमीसारखे टेबलाचा आधार घेत सावकाश उठले. कोट सारखा केला. मग म्हणाले, "साहेब, माझ्या विद्वान मित्रांचा तपशिलात थोडा घोटाळा झालाय. लंगडा मी आहे. युक्तिवाद सरळ चालतोय."

न्यायाधीशांनी फाइल तोंडासमोर धरली आणि बराच वेळ ती वाचत राहिले. दावा वकीलसाहेबांनी जिंकला. बाहेर आल्यावर दोघांनी मिळून चहा घेतला.

पुढच्या वेळी वकीलसाहेब खांद्यासाठी आले, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, मला तर म्हणाला होतात की मी लंगडत नाही, आणि कोर्टात सगळ्यांसमोर मी लंगडा म्हणून मोकळे झालात. यातलं खरं कुठलं?

ते म्हणाले, "डॉक्टरला खरं सांगायचं असतं, मॅडम. कोर्टात लागू पडेल ते."

* * *

एक काका आणि काकू. एका घरात राहणारे, एका ताटलीत शेंगदाणे खाणारे आणि एकमेकांशी न बोलणारे. धाकट्या मुलानं मनाविरुद्ध लग्न केलं. काकू लग्नाला गेल्या, काका गेले नाहीत. तेव्हापासून मुलगा वेगळा राहत होता आणि ह्या दोघांचं बोलणं तिसऱ्याच्या मार्फत चालत होतं. घरात मोठी सून हा निरोप्या. दवाखान्यात शोभावहिनी.

काकूंच्या गुडघ्याची वाटी बदलली होती. काका रोज त्यांना घेऊन यायचे, शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि वहिनींना म्हणायचे, "त्यांना सांगा, पाणी प्यायचं राहिलंय." काकू हातभर अंतरावर. वहिनी सांगायच्या. काकू वहिनींना म्हणायच्या, "सांगा, तहान न्हाय." वहिनी मला म्हणाल्या होत्या, की मॅडम, ह्यांच्या पायात न्हवं, संसारात लंगडतंय, आणि त्याला मशीन न्हाय आपल्याकडं.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण काकूंना धीर होत नव्हता. दोन आडव्या दांड्यांच्या मधून, दोन्ही बाजूंना धरून चालायचं असतं. एके दिवशी त्या निम्म्यापर्यंत आल्या आणि थिजल्या. पुढं येईनात, मागं जाईनात. मी समजावलं, चुचकारलं. काही उपयोग होईना. दांड्यांवर बोटं पांढरी पडली होती.

काका खुर्चीतून मला म्हणाले, "त्यांना सांगा, नवा पाय आदी टाकायचा."

वहिनी तेव्हा खाली बेकरीत गेल्या होत्या. मी म्हटलं, काका, मी डॉक्टर आहे, निरोप पोचवत नाही. तुमचं तुम्ही सांगा.

मग काका उठले. दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काकूंच्या समोर उभे राहिले. म्हणाले, "मी हाय हितं. लंगडलीस तर लंगडलीस. ये."

काकू आल्या. लंगडत, ओठ चावत, पण शेवटपर्यंत आल्या. दांड्या संपल्या तिथं काकांच्या मनगटाला धरून उभ्या राहिल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्यांना सांगा..." मग थांबल्या. माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडं बघितलं. "धाकट्याला फोन लावा. त्यो न्यायला आल्याबिगर मी काय हितनं हलत न्हाय."

काकांनी इकडं तिकडं बघितलं. वहिनी काही परत आल्या नव्हत्या. मनगट सुटत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातून मोबाईल काढला.

त्या दिवशी माझे पुढचे दोन पेशंट खोळंबले. चालायचंच.

* * *

शेवटचा किस्सा दवाखान्यातला नाही, घरातला आहे.

माझे बाबा निवृत्त मराठीचे शिक्षक. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी व्याकरण शिकवलंय आणि उरलेल्यांना प्रार्थनेच्या वेळी मैदानावर ताठ उभं केलंय. स्वतःही कायम ताठ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईला चालत जायचे आणि वाटेत दहा ठिकाणी "नमस्कार सर" घेत घेत परत यायचे. भाजी हे निमित्त होतं.

गेल्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, मी स्वतः व्यायाम करून घेतले. घरात ते चालायला लागले. पण पावलात थोडा फरक राहिला. ते लंगडायला लागले आणि हे लंगडणं आता राहणार, हे त्यांना कळत होतं. मी लपवलं नव्हतं.

ते घराबाहेर पडेनात. आधी म्हणाले ऊन आहे, मग म्हणाले रस्ता खणलाय, मग म्हणाले भाजी हल्ली दारावर येतेच की. कुणी भेटायला आलं तर आधीच खुर्चीत जाऊन बसायचे आणि पाहुणा जाईपर्यंत उठायचे नाहीत. हळूहळू बोलणं कमी झालं. पेपर उघडा असायचा, पान उलटायचं नाही. आई एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "पाय जुळला गं, ताठा जुळंना."

दिवसभर मी परक्या माणसांना चालतं करायची आणि घरी आले की बाबा त्याच खुर्चीत. मला त्यांचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची. कारण खुर्चीत बसून राहिलेल्या माणसांचं पुढं काय होतं, ते मी रोज बघते. गोड बोलून झालं, डॉक्टर म्हणून दटावून झालं. एका सकाळी पिशवी आणून मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "बाबा, लंगडा."

आतून आईच्या हातातलं भांडं पडलं. ती दारात येऊन म्हणाली, "अगं, वडलांना काय म्हणतीस?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग आईला म्हणाले, "विशेषण नाही ते. क्रियापद आहे. आज्ञार्थ."

बऱ्याच दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज ऐकला. ते म्हणाले, की आयुष्यभर मी मुलांना सगळ्या क्रियापदांचे आज्ञार्थ करायला लावले. चाल, पळ, ऊठ, बस. पण 'लंगड' अशी आज्ञा कुणी कुणाला केलेली मी ऐकली नाही. असं कोण कुणाला सांगेल?

मी म्हटलं, मी सांगते, रोज. जो लंगडायला लाजतो, तो चालायचाच राहतो.

पिशवीची घडी घालून त्यांनी ती बाजूला ठेवली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून बाहेर आले तर बाबा शर्टाची बटणं लावत उभे होते. खिशाला पेन. आईकडं पिशवी मागितली. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, काही गरज नाही. मी बरं म्हटलं आणि ते कोपऱ्यावर वळल्यावर चपला घालून अंतर ठेवून मागं निघाले.

गल्लीतून ते सावकाश चालले होते. काठी एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. प्रत्येक पावलाला अंग एका बाजूला झुकत होतं. लोक बघत होते. किराणावाल्यानं वजन करता करता हात थांबवला. गॅलरीतून कुणी तरी कुणाला तरी बोलावून दाखवलं. बाबांनी कुणाकडं बघितलं नाही. त्यांची मान पाठीमागूनही मला कळत होती, ताठ होती.

चौकात आले. सकाळची वेळ, सगळीकडून मोटारसायकली. रस्ता ओलांडायला ते कडेला थांबले आणि चौकातल्या ट्रॅफिक हवालदारानं त्यांना बघितलं. चांगला दांडगा, मिशीवाला माणूस. त्यानं शिट्टी मारून चारी बाजूंची वाहनं थांबवली, धावत आला आणि भर चौकात वाकून बाबांच्या पाया पडला. मग उभा राहून बघतच राहिला. शेवटी म्हणाला, "सर, लंगडताय?"

मी पुढं व्हायला निघाले, मग थांबले.

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. नाव आठवलं असावं, किंवा बाक आठवला असावा. मागं हॉर्न वाजायला लागले होते. बाबा म्हणाले, "'सर लंगडत आहेत.' काळ ओळख."

हवालदार नकळत ताठ उभा राहिला. हातातली शिट्टी घट्ट धरून त्यानं विचार केला. आख्खा चौक थांबला होता.

"अपूर्ण वर्तमानकाळ, सर."

"बरोबर," बाबा म्हणाले. "त्यालाच चालू वर्तमानकाळ असंही म्हणतात."

आणि पिशवी सावरून रस्ता ओलांडायला लागले.